घरात चाकू, सुऱ्या, अडकित्ते यांचा संग्रह कसा ठेवायचा आणि कसा मांडायचा? (पुण्याचा पावसाळा धरून सांगा)

पेठकरी

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा धागा काढतोय, सांभाळून घ्या.

मामा धाकट्या मुलाकडे बंगळुरूला राहायला गेले आणि जाताना त्यांचा आयुष्यभराचा संग्रह माझ्या गळ्यात... म्हणजे हातात देऊन गेले. फोल्डिंगचे चाकू वीसेक असतील, त्यात ओपिनेल, व्हिक्टोरिनॉक्स आणि काही जुने विलायती ज्यांच्यावरची अक्षरं आता वाचता येत नाहीत, कार्बन स्टीलच्या दोन-तीन किचनच्या सुऱ्या, एक खुकरी, आणि पितळी-लोखंडी अडकित्ते डझनभर. सगळं एका पत्र्याच्या ट्रंकेत. ट्रंक उघडली तर खुकरी आणि दोन शिकारी चाकू चामड्याच्या म्यानात, आणि म्यानातून काढल्यावर पात्यावर बारीक बारीक खड्डे पडलेत, बोट फिरवलं तर लागतात. म्यानाला पितळी बटण आहे त्याच्याभोवती हिरवा मेणासारखा चिकट थर आलाय. गंमत म्हणजे जे चाकू मामांनी नुसते जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळले होते ते बऱ्यापैकी ठणठणीत आहेत.

आता फ्लॅट धायरीला, हॉलची मोठी भिंत पश्चिमेची, जुलैत तिला हात लावला तर गार आणि दमट लागते. मुलगी दुसरीत आहे. बायकोची अट एकच, दिसायला ठेवणार असशील तर नीट दिसलं पाहिजे, नाहीतर माळ्यावर टाक. माळ्यावर टाकायची इच्छा नाही.

तर कसं ठेवता तुम्ही लोक? काचेचं कपाट, मॅग्नेटची पट्टी, रोल, डबे, काय ते सांगा. खर्च फार नको पण अगदी जुगाडही नको.

गंजका_खिळा

पहिलं काम आजच करा, म्यान वेगळं आणि चाकू वेगळा. म्यान कमरेला लावायला असतं, कपाटात वर्षभर झोपायला नाही. चामडं हवेतला ओलावा धरून ठेवतं, त्यात ते कमावताना वापरलेली द्रव्यं आत असतातच, म्हणजे पातं कायम दमट आणि किंचित आंबट वातावरणात. तुमचे खड्डे त्याचेच आहेत आणि ते आता जाणार नाहीत, घासून घालवायला गेलात तर पातं बारीक होईल पण खड्डा तिथंच. लाल गंज असेल तेवढा एकदम बारीक स्टीलवूल आणि थोडं तेल लावून हलक्या हातानं काढा आणि सोडून द्या. हिरवं आहे ते पितळ आणि चामड्यातल्या तेलाचं लग्न, लाकडी टूथपिकनं निघतं.

म्यान फेकू नका हं. चाकूच्या शेजारी मांडा, आत घालू नका.

धायरीफाटा

धायरीला राहून नाव पेठकरी! पेठ सुटते, पीळ सुटत नाही :)

भोसरी_टूलरूम

माझं अख्खं आयुष्य टूलरूममध्ये गेलं म्हणून थोडं लांब लिहितो, चालवून घ्या.

आमच्याकडे स्लिप गेजेस असतात, अचूक माप तपासायचे हजारो रुपयांचे आरशासारखे ठोकळे, त्यांना उघड्या बोटांनी हात लावला की जुना फोरमन अंगावर धावून यायचा. कारण घामातलं मीठ. पावसाळ्यात बोटाचा ठसा दोन दिवसांत गंजाच्या रूपात उमटतो, अगदी रेषांसकट, चोर पकडता येईल इतका स्पष्ट. चाकूचंही तेच आहे. पाहुणे आले, कौतुकानं पात्यावर बोट फिरवलं, तुम्ही तसाच ठेवून दिलात की संपलं. बघून झाल्यावर कोरड्या सुती फडक्यानं पुसा, मग तेलाचा हात.

तेल कुठलं? केमिस्टकडे लिक्विड पॅराफिन मिळतं, तेच मिनरल ऑइल, वास नाही, खवट होत नाही, किचनच्या सुरीलाही चालतं. नुसती ठेवायची असतील त्यांना पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ थर, दिसता कामा नये इतका. मांडायच्या वस्तूंना मेण चांगलं, मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्स म्हणून मिळतं, रेनेसाँ वॅक्स नावाचं ब्रिटिश म्युझियममध्ये १९५० च्या दशकात तयार झालेलं, महाग आहे पण एक डबी वर्षानुवर्षं पुरते आणि त्यावर धूळ चिकटत नाही. तेलावर चिकटते.

आता पुणेकरांना फुकटात किंवा जवळपास फुकटात मिळण्यासारखी गोष्ट, व्हीसीआय कागद. चाकण-भोसरीत मशीन केलेले पार्ट ज्या पिवळट-तपकिरी कागदात किंवा निळ्या पिशवीत पॅक होऊन जातात ना, तोच. त्यातून निघणारी वाफ धातूवर अदृश्य थर धरते आणि गंज रोखते. पण दोन गोष्टी, एक म्हणजे डबा बंद पाहिजे, उघड्या शेल्फवर कागद अंथरून काही उपयोग नाही, वाफ उडून जाते. दुसरं, काही कागद फक्त लोखंडासाठी असतात, पितळेचे अडकित्ते असतील तर मल्टीमेटल लिहिलेलाच घ्या. आणि कागदाची ताकद हळूहळू संपते, कायमचा इलाज समजू नका.

खोबरेल_जिंदाबाद

एवढं काय काय, आमच्या आजोबांनी कोयत्याला आणि विळीला जन्मभर खोबरेल तेल लावलं, काही झालं नाही.

भोसरी_टूलरूम

@खोबरेल_जिंदाबाद, आजोबांचा कोयता रोज चालत होता साहेब. रोज घासला, रोज पुसला, रोज तेल. तिथे खोबरेलच काय, कुठलंही तेल चालेल. महिनोन्‌महिने न हलवता ठेवायच्या वस्तूवर खाद्यतेल चिकट पिवळं होतं, आणि डिसेंबरात पुण्याच्या थंडीत खोबरेल घट्ट होऊन सांध्यात बसतं, फोल्डिंगचा चाकू उघडताना नख मोडेल.

सुतारपक्षी

कपाटाबद्दल मी सांगतो, धंदाच आहे.

पश्चिमेच्या भिंतीवर काही लावू नका. एवढं ऐकलंत तरी निम्मं काम झालं. आतली भिंत घ्या, हॉल आणि बेडरूममधली. आणि आधी ती कशाची आहे ते बघा. नव्या सोसायट्यांत आतल्या भिंती बहुतेक एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र सिमेंटच्या ठोकळ्यांच्या असतात, त्यात साधा प्लास्टिकचा प्लग मारला तर आज बसतो आणि काचेचं वजन आलं की भुसभुशीत होऊन सुटतो, एएसीसाठी वेगळे लांब प्लग मिळतात, बोहरी आळीत मागा. काँक्रीटची असेल तर साध्या ड्रिलनं भोक पडत नाही, हॅमर ड्रिलच लागतं. मागे रबराच्या चकत्या लावून कपाट भिंतीपासून बोटभर पुढे ठेवा, हवा खेळली पाहिजे.

लाकूड जुनं सागवान मिळालं तर उत्तम, भवानी पेठेत टिंबर मार्केटला जुन्या वाड्यांचं येतं, वाळून वाळून हाड झालेलं असतं. एमडीएफ आणि स्वस्त प्लाय टाळा, त्यातून फॉर्मल्डिहाइड निघत राहतं आणि बंद काचेमागे ते धातूला बाधतं. घेतलंतच प्लाय तर सगळ्या कडा सील करून, पॉलिश करून, आठवडे-दोन आठवडे उघडं ठेवून वास गेल्याशिवाय आत काही ठेवू नका.

आणि एक गोष्ट जी कारागीर हमखास चुकवतात, काच बसवताना जे सिलिकॉन भरतात ना, त्याला व्हिनेगरसारखा झणझणीत वास येत असेल तर हाकलून द्या. तो अॅसेटिक अॅसिडचा वास आहे, बंद कपाटात तो लोखंड खातो. न्यूट्रल क्योर सिलिकॉन म्हणून मिळतं, थोडं महाग, वास जवळजवळ नाही, तेच भरायला सांगा आणि समोर उभं राहून ट्यूब वाचा. काच टफन्ड, ५ मिमी. मुलगी आहे म्हणून कुलूप पाहिजेच, आणि ते चावीचंच, मॅग्नेटचं दार नको.

आतला स्पंज हा अजून एक चोर. फोम कापून त्यात चाकूच्या आकाराचे खाचे पाडतात, इंटरनेटवर फार सुंदर दिसतं, पण साधा पीयू फोम काही वर्षांत पिवळा पडून चिकट भुगा होतो आणि तो पात्याला चिकटतो. त्यापेक्षा लाकडी खुंट्यांवर ठेवा, दोन खुंट्या प्रत्येकी, वरून पातळ सुती पट्टी गुंडाळून. आणि धार वर करून ठेवू नका, साफ करणाऱ्या बाईंचा हात आत जातो तेव्हा त्यांना काय माहीत.

मॅग्नेटमामा

मी मॅग्नेटची पट्टी लावलीये किचनमध्ये आणि बेस्ट आहे, धारही टिकते, ड्रॉवरमध्ये एकमेकांवर आपटत नाहीत. पण लाकूड चढवलेली पट्टी घ्या, उघड्या स्टीलच्या पट्टीवर धार खणकन बसते. लावताना आधी पाठ टेकवायची मग पातं आडवं करायचं, काढताना उलट, आधी धार उचलायची मग पाठ सोडायची. गॅसच्या वर लावू नका, फोडणीची वाफ आणि तेल बसतं. आणि सिरॅमिकची सुरी चिकटत नाही हे आमच्याकडे एका पाहुण्यांनी खाली पाडून सिद्ध केलं.

पेठकरी

@मॅग्नेटमामा, किचनच्या सुऱ्यांना तीच करतो मग. पण मुलीचं काय, ओट्यावर खुर्ची ओढून चढते ती.

मॅग्नेटमामा

मग पट्टी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला, दाराला कुलूप. होतं छान.

पाऊसपाणी

आर्द्रतेबद्दल कोणी नीट लिहिलं नाही म्हणून. चारपाचशेचं डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे हवेतला दमटपणा मोजणारं मीटर घ्या, कपाटात ठेवा. ते खरं बोलतंय का ते बघायचं असेल तर बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घाला, झाकण आणि मीटर दोन्ही एका झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा, सकाळी आकडा ७५ च्या आसपास पाहिजे. ८२ दाखवलं तर तुमचं मीटर ७ जास्त सांगतं, एवढं वजा करत जा. ही मिठाची गोष्ट शाळेतल्या रसायनशास्त्राची आहे, जुगाड नाही.

लक्ष्य ४५ ते ५० टक्के. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये बाहेर ८० च्या वर असतं, त्यामुळे कपाट कितीही चांगलं असलं तरी काच आणि फ्रेमच्या फटीतून हवा जाणारच. सिलिका जेलच्या पुड्या त्यात टाकणं म्हणजे पैसे पाण्यात, दोन-तीन दिवसांत दाणे भरतात. जेल फक्त रबरी कडेच्या घट्ट डब्यात. रंग बदलणारे दाणे घ्या, नारंगीचे हिरवे झाले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोनेक तास, परत नारंगी. निळे-गुलाबी जुने दाणे नको, त्यात कोबाल्ट असतं.

फार कोरडंही करू नका. ३० च्या खाली गेलं तर हाडाच्या आणि लाकडाच्या मुठी तडकतात. कॅमेऱ्याचं ड्राय कॅबिनेट ज्यांच्याकडे आहे त्यांनी ४५ वर लावून वरच्या कप्प्यात चाकू टाकले तरी चालतील, मी तेच करतो, लेन्सची आणि चाकूंची भांडणं होत नाहीत.

पेठकरी

ओपिनेलबद्दल विचारायचं राहिलं, तो उघडतच नाहीये. मूठ फुगलीये का?

गंजका_खिळा

फुगलीच असणार, पावसाळ्यात प्रत्येक ओपिनेल फुगतो, लाकडी मुठीतली खाच पातं आवळून धरते. पक्कड लावू नका! फिरणारी कडी मोकळी करा, मग मुठीचं मागचं टोक टेबलाच्या लाकडी कडेवर टक्कन आपटा, पात्याची पाठ थोडी वर येते मग बोटानं धरून उघडा. फ्रेंच शेतकरी हेच करतात. नंतर आठवडाभर कोरड्या जागी उघडा ठेवा, वाळल्यावर खाचेत मेण किंवा लिक्विड पॅराफिन. कार्बनचा आहे का स्टेनलेस? कार्बनचा असेल तर पातं निळंकाळं पडलेलं असेल, ते राहू द्या, तो थर संरक्षणच करतो, लाल तेवढं वाईट.

आणि जुने विलायती चाकू म्हणालात, त्यात चमकदार मोत्यासारखी किंवा कासवाच्या पाठीसारखी मूठ असलेला एखादा आहे का? हुंगून बघा, कापरासारखा किंवा आंबट-उग्र वास आला तर ते सेल्युलॉइड असू शकतं. ते म्हातारं झालं की आम्लाची वाफ सोडतं आणि शेजारच्या चाकूंना गंजवतं. ज्या डब्यात कारण नसताना सगळेच गंजतायत त्यात एक असा निघतोच. त्याला वेगळं ठेवा, हवेशीर, उन्हापासून आणि गॅसपासून लांब, पेटतं झटकन.

पेठकरी

आहे एक!! कापराचा वास येतोय म्हणून मला वाटलं मामांनी ट्रंकेत कापूर टाकला होता. लगेच बाहेर काढतो.

कोथरूडची_काकू

अडकित्त्यांबद्दल कोणी बोलतच नाहीये, सगळे चाकू चाकू. माझ्याकडे सासूबाईंचे आणि आईचे मिळून बरेच आहेत, घोड्याचे, मोराचे, एक तर बाईच्या आकाराचा, दोन पाय म्हणजे दोन दांडे. ते चिंचेनं घासून लखलखीत करायचा मोह आवरा. पितळ चकचकीत होतं खरं पण चिंचेचं पाणी सांध्यात जातं, तिथं पितळ आणि लोखंड एकमेकांना टेकलेलं असतं आणि ओल मिळाली की लोखंडच आधी जातं. सांधा जाम झाला, जोर लावला, खिळा तुटला, की संपला अडकित्ता. मी कोरड्या ब्रशनं धूळ काढते, सांध्यात काडीनं एक थेंब तेल सोडते, उघडझाप करते, बाहेर आलेलं काळं पुसते, बास. पितळेवरचा तो मधासारखा रंग यायला पन्नास वर्षं लागतात हो.

मांडायचं कसं ते शिकायला राजा केळकर संग्रहालयात जा, अडकित्त्यांसमोर उभे राहा आणि वस्तूकडे नाही, तर ती कशावर टेकवलीये तिकडे बघा. अजून एक म्हणजे तिथं २०,००० च्या वर वस्तू आहेत आणि मांडलेल्या त्यातल्या अडीचेक हजार. काकासाहेब केळकरांनी इतकं जमवलं, आणि तरी सगळं एकदम भिंतीवर नाही. आपणही तेच करावं, आठ-दहा बाहेर, बाकी डब्यात, दर दोन-तीन महिन्यांनी पाळी बदलायची. पाळी बदलताना प्रत्येक वस्तू हातात येते, पुसली जाते, काही बिघडत असेल तर वेळीच कळतं. माळ्यावरचं कधीच कळत नाही. तुमच्या मामांचं तेच झालं, प्रेम होतं पण ट्रंक उघडणं झालं नाही.

आणि खंडेनवमीला पूजा कराल तेव्हा हळदकुंकू पात्यावर लावू नका, मुठीला किंवा खालच्या पाटाला लावा. अक्षता आणि फुलाचं पाणी रात्रभर पात्यावर राहिलं तर दसऱ्याला सकाळी ठिपके दिसतात. संध्याकाळी पुसून तेल लावा, देवाला राग येत नाही.

धायरीफाटा

काकूंना दंडवत. कपाटावर पाटी लावा पेठकरी, "हात लावू नये. लावल्यास पुसून द्यावे."

कलम_कसाई

वकिली करते म्हणून रुक्ष प्रतिसाद. शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालचे २०१६ चे नियम यात तलवारी, खंजीर यांच्याबरोबर ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू येतात, खुकरीचं तर नाव घेऊन लिहिलंय. घरगुती, शेती, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं वगळलेली आहेत, म्हणजे किचनची सुरी, विळी, कोयता यांची काळजी नाही. पेठकरी, खुकरीचं पातं मोजा, लांबीही आणि सर्वात रुंद जागी रुंदीही, आणि यातलं एकही माप ओलांडत असेल तर पोलीस आयुक्तालयाच्या परवाना विभागात जाऊन विचारा. व्हॉट्सअॅपवर विचारू नका, इथेही विचारू नका, तिथेच विचारा.

घरात ठेवणं आणि बाहेर नेणं यात फरक आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली शहरात हत्यार बाळगून फिरण्यावर वेळोवेळी मनाईचे आदेश निघतात. मित्राला दाखवायला खुकरी स्कूटरच्या डिकीत घालून नेणे हा उद्योग करू नये. फोटो दाखवा. आणि हातात धरून पोझ देऊन रील टाकू नका, का ते सांगायला नको.

अडकित्त्यात हस्तिदंताची मूठ असेल तर विकायचा-विकत घ्यायचा विचार सोडा, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू असेल तर ती परदेशातल्या भावाला कुरिअरनं पाठवता येत नाही, त्याचा कायदाही १९७२ चाच.

पेठकरी

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. ठरवलंय ते सांगतो, चुकत असेल तर बोला.

हॉल आणि बेडरूममधल्या भिंतीवर सागवानाचं उथळ कपाट, टफन्ड काच, चावी, आत दहाच वस्तू, त्यात जास्त अडकित्ते कारण बायकोला तेच आवडलेत आणि मुलीनं मोराच्या अडकित्त्याला नावही ठेवलंय. बाकी फोल्डिंगचे रबरी कडेच्या डब्यांत, सुती फडक्यात गुंडाळून, मल्टीमेटल व्हीसीआय घालून, डब्यावर आत काय आहे त्याचा फोटो चिकटवून. किचनच्या सुऱ्या दाराच्या आत पट्टीवर. खुकरी मोजली, पातं सव्वादहा इंच, म्हणून सोमवारी आयुक्तालयात जाऊन येतो, तोपर्यंत तेल लावून कुलपात.

कपाटात दिवा लावू का?

सुतारपक्षी

एलईडीची पट्टी लावा पण ड्रायव्हर, म्हणजे तिला वीज पुरवणारा छोटा डबा, कपाटाच्या बाहेर, तो तापतो. दिवा वरून समोरच्या कडेला, मागे लावला तर नुसत्या सावल्या दिसतील. आणि खुंट्या आत्ताच पक्क्या करू नका, मागच्या फळीला भोकांच्या रांगा पाडून घ्या, वस्तू बदलली की खुंटी हलवता येते. काकूंची पाळीची पद्धत करायची तर हे लागेलच.

कोथरूडची_काकू

आणि मागची फळी फिकट रंगाची करा, काळं मखमल नको. काळ्यावर अडकित्ते उठून दिसत नाहीत आणि गंजाचा पहिला ठिपकाही दिसत नाही.

भोसरी_टूलरूम

व्हीसीआयचा रोल माझ्याकडे उरलाय, मल्टीमेटलच आहे. रविवारी सकाळी जुन्या बाजारात असतो मी, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पाच-सहा मीटर कापून देतो. तुमच्यासोबत अजून कोणाला पाहिजे असेल तर आत्ताच सांगा, घडी घालून आणतो, गुंडाळी केली की बसमध्ये लोक विचारतात काय आहे.

मॅग्नेटमामा

मला पण दोन मीटर!